दुरुस्तीनंतरची आग

दिल्ली, नोएडा, गाझियाबाद, फरीदाबाद, गुरुग्राम. यांपैकी कोणत्याही शहरातल्या वसाहतीत रविवारी सकाळी फेरफटका मारावा, दोन-चार गाड्यांची बॉनेटे उघडी दिसतातच. कोणी बॅटरीची टर्मिनले घासत असतो, कोणी ऑइल बदलत असतो, कोणी बाजारातून आणलेला मोठ्या आवाजाचा हॉर्न जोडत असतो. या हौसेला नाके मुरडण्याचे कारण नाही. पदार्थविज्ञानाचे अनेक विद्यार्थी अशाच उघड्या बॉनेटखाली घडले आहेत. पण त्या जागेत इंधन, उष्णता आणि वीज एकमेकांपासून हातभर अंतरावर नांदत असतात, आणि गेल्या चार दशकांत त्यांचे परस्परसंबंध राजधानीत जितक्या वेगाने बदलले तितके देशात क्वचितच कुठे बदलले असतील. बदलाचा रेटा होता प्रदूषणाचा आणि न्यायालयाच्या आदेशांचा. घरच्या दुरुस्तीच्या सवयी मात्र त्या वेगाने बदलल्या नाहीत. बॉनेटखालच्या आगीचा इतिहास हा बराचसा या तफावतीचा इतिहास आहे.

सुरुवात अँबॅसडरपासून करू. १९५७ पासून २०१४ पर्यंत बनत राहिलेल्या या गाडीने कित्येक दशके दिल्लीवर राज्य केले. मे-जूनच्या उन्हात तिच्या इंधनपंपावर ओले फडके गुंडाळलेले असे. पेट्रोलमधले हलके घटक चाळीस अंशांच्या आतबाहेरच उकळू लागतात. नळीत वाफेचा बुडबुडा धरला की पंप पेट्रोल ओढू शकत नाही आणि गाडी जागच्या जागी बसते. ओल्या फडक्याने तो बुडबुडा विरे. हा उपाय निरुपद्रवी होता. डिसेंबर-जानेवारीतला उपाय तसा नव्हता. थंडीत इंजिन उठेना, म्हणजे हवेचे फिल्टर काढून कार्ब्युरेटरच्या तोंडात थोडे पेट्रोल ओतायचे आणि दुसऱ्याने स्टार्टर मारायचा.

पेट्रोलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला द्रवाच्या पृष्ठभागावर पेट घेण्याइतकी वाफ साचते तो बिंदू, उणे ४० अंश सेल्सियसच्या आसपास असतो. दिल्लीची थंडी कितीही कडाक्याची असो, पेट्रोलच्या दृष्टीने तो उन्हाळाच. ठिणगी अवेळी पडली किंवा झडप नीट मिटली नाही, तर सिलिंडरमधली ज्वाला उलट येते आणि कार्ब्युरेटरच्या तोंडातून बाहेर झेपावते. एरवी तिच्या वाटेत फिल्टर असते. हम्फ्री डेव्हीने १८१५ मध्ये खाणकामगारांच्या दिव्याभोवती तारेची जाळी बसवली, तेव्हा त्याने दाखवले की बारीक छिद्रांतून जाताना ज्वाला आपली उष्णता जाळीला देऊन बसते आणि पलीकडे पोचत नाही. गाडीचे फिल्टर डेव्हीच्या दिव्याइतके कडेकोट नसते, पण उलटलेली ज्वाला अडवण्याचे काम तेही करते. आपण ते काढून बाजूला ठेवतो, वर पेट्रोल ओततो, आणि बाटली बहुधा उघडीच हातात असते.

१९९५ च्या एप्रिलपासून दिल्लीसह चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना उत्प्रेरक परिवर्तक, म्हणजेच कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, सक्तीचा झाला. धुरातले विष कमी करणारे हे उपकरण काम करते तेच मुळी काहीशे अंश तापमानाला. पुढे नियम कडक होत गेले तसे ते लवकर तापावे म्हणून इंजिनाच्या अधिकाधिक जवळ आले. त्यातून एक अनपेक्षित गोष्ट घडली. घरी काम करणारा माणूस पेट्रोलला भितो, ऑइलला भीत नाही. ऑइल काडीने पेटत नाही हे त्याने पाहिलेले असते. पण तापलेल्या धातूवर सांडण्याचा प्रश्न आला की क्रम उलटतो. पेट्रोल झटकन उडून जाते. ऑइल आणि डिझेल धातूला चिकटून राहतात, आणि त्यांचे स्वयंप्रज्वलन तुलनेने कमी तापमानाला होऊ शकते. प्रयोगशाळेत पेट्रोलसाठी हा आकडा साधारण २५० ते २८० अंश येतो, डिझेलसाठी त्याहून खाली. ऑइल बदलताना एक्झॉस्टवर ओघळलेली धार किंवा तिथेच विसरलेले तेलकट फडके तेव्हा काहीच करत नाही. दहा-पंधरा किलोमीटर गेल्यावर करते.

त्यानंतरचा बदल इंधनाच्या नळीत झाला. २९ एप्रिल १९९९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात खासगी गाड्यांसाठी १ जून १९९९ पासून युरो-१ आणि १ एप्रिल २००० पासून युरो-२ मानके लागू करण्याचा आदेश दिला. नव्या गाड्यांपुरता कार्ब्युरेटर यानंतर जवळजवळ संपला आणि त्याची जागा इंधन फवारणाऱ्या इंजेक्टरांनी घेतली. जुन्या पंपाचा दाब पाव बारच्या आसपास असे. इंजेक्शनच्या नळीत तो साधारण तीन बार असतो. दाब बारा पट झाला, आणि मुख्य म्हणजे इंजिन बंद केल्यावरही तो बराच वेळ टिकून राहतो. कार्ब्युरेटरच्या काळात नळी उपसली तर चार थेंब गळत. इंजेक्शनची नळी तशीच उपसली तर पिचकारी उडते. एक मिलिलिटर पेट्रोलचा एकच थेंब केला तर त्याचा पृष्ठभाग पाच चौरस सेंटिमीटरही भरत नाही. त्याचेच ५० मायक्रॉनचे तुषार केले तर तो सुमारे १,२०० चौरस सेंटिमीटर होतो. बाष्पीभवन पृष्ठभागावरून होते, तेव्हा त्या पिचकारीत काय दडले आहे हे निराळे सांगायला नको. म्हणून आधी इंधनपंपाचा फ्यूज काढायचा, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यायचे, मग ते पूर्ण थंड होऊ द्यायचे आणि तेव्हाच नळीला हात लावायचा. जुन्या कारागिराला हे अनाठायी वाटते, कारण त्याच्या हाताला पाव बारची सवय आहे.

विजेकडे वळताना मला दिल्लीच्या अग्निइतिहासातली सर्वांत वेदनादायक तारीख आठवते: १३ जून १९९७. ग्रीन पार्कमधल्या उपहार चित्रपटगृहात ५९ माणसे गुदमरून मेली. ही घटना बंद दारे, अडवलेल्या वाटा आणि धुराने भरलेली बाल्कनी यांसाठी सांगितली जाते, आणि ते योग्यच आहे. पण तिची सुरुवात तळमजल्यावरच्या वाहनतळाशेजारी, एका दुरुस्तीत झाली होती. त्या दिवशी पहाटे वीज मंडळाच्या १,००० केव्हीए रोहित्रात बिघाड झाला. सकाळी साडेदहा ते साडेअकराच्या दरम्यान केबलची टोके बदलण्यात आली. न्यायालयात पुढे आलेल्या पुराव्यानुसार, ती टोके यंत्राने दाबून आवळण्याऐवजी हातोड्याने ठोकून बसवली होती. वीजपुरवठा सुरू झाला, सगळे सुरळीत दिसले. दुपारी पाचच्या सुमारास ढिली पडलेली केबल सुटून रोहित्राच्या रेडिएटरवर टेकली, ठिणग्यांनी पत्र्याला भोक पडले, तेल बाहेर आले आणि पेटले. आग शेजारी उभ्या असलेल्या मोटारींना लागली आणि धूर जिन्यावाटे वर चढला.

आकाराचा फरक सोडला तर इंजिनाच्या कप्प्यातली अनेक आगी हीच रचना पाळतात: ढिला जोड, जवळ तेल, मधे काही तासांची शांतता. सांध्यात निर्माण होणारी उष्णता प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध इतकी असते. रोहित्राच्या केबलमधून समजा १,००० अँपिअर वाहत आहेत आणि जोडाचा रोध अवघा एक मिलिओम आहे, तरी तिथे एक किलोवॉटची शेगडी पेटल्यासारखे होते. गाडीत समजा दहा अँपिअर घेणारा जास्तीचा दिवा आपण तारा पिळून, वर चिकटपट्टी लावून जोडला आणि त्या जोडाचा रोध दशांश ओम निघाला. दहा वॉट. ऐकायला किरकोळ, पण ते वाटाण्याएवढ्या जागेत, प्लास्टिकच्या वेष्टनाखाली, तासन्‌तास. अशा वेळी फ्यूज उडत नाही हे विद्यार्थ्यांनी आवर्जून लक्षात घ्यावे. फ्यूज प्रवाह मोजतो, आणि ढिल्या जोडामुळे प्रवाह वाढत नाही, झालाच तर किंचित घटतो. फ्यूजला दिसणारी चूक वेगळी: सरळ शॉर्ट. बारा व्होल्टच्या बॅटरीचा अंतर्गत रोध काही मिलिओमच असल्याने तिच्यातून शेकडो अँपिअर सहज वाहतात. आणि बॅटरीच्याच टर्मिनलवर पाना अडकला तर वाटेत फ्यूजही नसतो. ऋण टर्मिनल आधी सोडायचे ते यासाठीच. गाडीचा सांगाडा ऋण टोकाला जोडलेला असतो. ते सुटले की धन टर्मिनलवरचा पाना पत्र्याला टेकला तरी मंडल पूर्ण होत नाही. परत जोडताना ऋण शेवटी.

दिल्लीचा तिसरा अध्याय वायूचा. सर्वोच्च न्यायालयाने २८ जुलै १९९८ रोजी शहरातल्या सर्व बस ३१ मार्च २००१ पर्यंत सीएनजीवर आणण्यास सांगितले. मुदती वाढल्या, पंपांवर रांगा लागल्या, आणि काही सीएनजी बसना आग लागल्यावर हे इंधनच धोक्याचे आहे असा सूर निघाला. याच वादाच्या काळात, सप्टेंबर २००१ मध्ये, केंद्र सरकारने रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखाली वाहन-इंधन धोरणाची तज्ज्ञ समिती नेमली. सरकारने उत्सर्जनाची मर्यादा ठरवावी, इंधन आणि तंत्रज्ञान कोणते ते लादू नये, अशी समितीची भूमिका होती. न्यायालयाने ५ एप्रिल २००२ च्या आदेशात सीएनजीचाच आग्रह कायम ठेवला आणि त्या वर्षअखेर शहराच्या डिझेल बस गेल्या. धोरण म्हणून कोण बरोबर होते यावर आजही वाद घालता येईल. आगीपुरते बोलायचे तर वायूला दोष देणे मला पटत नाही. मिथेन हवेपेक्षा हलका, पाच ते पंधरा टक्क्यांच्या मधेच पेट घेणारा, आणि आपोआप पेटण्यासाठी त्याला ५४० अंशांच्या आसपास तापमान लागते. खरा प्रश्न २०० बार दाबाच्या टाकीचा आणि तिच्यापासून निघणाऱ्या प्रत्येक सांध्याचा आहे. टाकीची दर तीन वर्षांनी दाबचाचणी सक्तीची आहे ती त्यामुळेच. हे काम घरच्या पान्याचे नाही.

एलपीजीचा स्वभाव उलटा. तो हवेपेक्षा जड. जमिनीलगत पसरतो, तळघरातल्या वाहनतळात साचून राहतो. स्वयंपाकाचा सिलिंडर व्हॅनमध्ये दडवून जोडण्याची चाल दिल्लीत, आणि आपल्याकडेही, बरीच होती. केंद्राने २००१ मध्ये वाहनांतल्या एलपीजीसाठी स्वतंत्र नियमन आदेश काढला, तरी ती पुरती मिटली नाही.

पुण्या-मुंबईच्या वाचकांना नॅनो आठवत असेल. १० जानेवारी २००८ रोजी दिल्लीच्या प्रगती मैदानावर तिचे अनावरण झाले. २००९ मध्ये दिल्लीसह काही शहरांत स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून धूर निघाल्याच्या तक्रारी आल्या. मार्च २०१० मध्ये मुंबईत एक कोरी गाडी पेटली. रचनेत दोष नाही, असे कंपनीने चौकशीनंतर सांगितले. बाहेरून बसवलेली विद्युत उपकरणे आणि एक्झॉस्टवर राहून गेलेली परकी वस्तू ही कारणे तिने दिली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तिने एक्झॉस्ट आणि विद्युत यंत्रणेला अतिरिक्त संरक्षण मोफत बसवून देण्याचे जाहीर केले. कंपनीचा खुलासा कंपनीच्या सोयीचा असतो, हे खरे. शिवाय ग्राहक दिवे बसवणार आणि कारागीर फडके विसरणार, हे गृहीत धरूनच रचना करायला हवी. पण ती दोन कारणे म्हणून नीट वाचावीत: परका जोड आणि विसरलेले फडके.

एवढे करूनही धूर निघालाच तर काय? इंजिन बंद, किल्ली बाहेर, माणसे दूर. मग १०१ किंवा ११२. बॉनेट पूर्ण उघडण्याची ऊर्मी आवरावी लागते. बंद बॉनेटखालची आग हवेला मोताद असते. झाकण वर केले की तिला हवी तेवढी हवा मिळते आणि ज्वाला नेमकी उघडणाऱ्याच्या तोंडावर येते. आग लहान असेल आणि हाताशी एबीसी पावडरचे अग्निशामक असेल, तर पुढच्या जाळीतून किंवा चाकावरच्या पोकळीतून फवारा मारावा. पाणी नको, पेट्रोल पाण्यापेक्षा हलके, ते तरंगत पेटते आणि शेजारच्या गाडीखाली जाते. जळत्या प्लास्टिकच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. एका अग्निशामकात आग आटोपली नाही, तर गाडी सोडून द्यावी. विमा त्यासाठीच असतो.

म्हणून काम तळघरात करू नये, उघड्यावर करावे. इंजिन थंड असावे. फडकी आणि पाने आत नेताना मोजावीत, बॉनेट लावण्यापूर्वी पुन्हा मोजावीत. अग्निशामक डिकीत न ठेवता गाडीपासून चार पावलांवर जमिनीवर ठेवावे. आणि काम संपले की लगेच निघू नये: दहा-पंधरा मिनिटे इंजिन चालू ठेवून प्रत्येक नव्या जोडावर, नळीवर आणि एक्झॉस्टवर विजेरी मारून पाहावे, मग ते बंद करून, तापलेल्या भागांपासून हात राखत, वायरींचे नवे जोड बोटाने चाचपावेत. गरम लागणारा जोड त्याच वेळी उघडून पुन्हा आवळावा. दिल्लीत आणखी एक गोष्ट बघावी लागते: हिवाळ्यात उबेला आलेल्या उंदरांनी कुरतडलेल्या वायरी.