सुई, बाटली आणि मासोळी : हैदराबादच्या उपचारकांची जोडकमाई

अ‍ॅक्युपंक्चरचा खासगी दवाखाना चालवणाऱ्याने जोडउत्पन्न कशातून काढावे, असा प्रश्न आमच्या मंडळाच्या एका सभासदाने गेल्या बैठकीत काढला. ते स्वतः हाच व्यवसाय करतात. प्रश्न आजचा वाटतो, पण हैदराबादेत तो शंभर वर्षांहून जुना आहे, आणि त्याची उत्तरेही याच शहरात सापडतात. म्हणून हे टिपण.

आधी सुईविषयी. १९३८ साली चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकात पाच डॉक्टर होते : अटल, चोळकर, कोटणीस, बसू आणि मुखर्जी. त्यांतले चोळकर नागपूरचे, कोटणीस सोलापूरचे. कोटणीस १९४२ साली तिकडेच वारले, ती कथा आपल्याला पाठ आहे. बिजॉयकुमार बसूंची कमी ठाऊक असते. ते परत आले, १९५०च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनमध्ये अ‍ॅक्युपंक्चर शिकले आणि कोलकात्यात त्यांनी ते रुजवले. सरकारी मान्यता मात्र रखडत आली. पश्चिम बंगालचा कायदा १९९६चा, महाराष्ट्राचा २०१५चा, आणि स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून केंद्राने मान्यता दिली २०१९ साली. तोवर सुईवाल्याचा संसार बहुतेक रुग्णाच्या खिशावरच चालायचा.

आता थोडा हिशेब. मी मूळचा यंत्र अभियंता, त्यामुळे कुठलाही धंदा दिसला की त्याची क्षमता मोजतो. सुया टोचल्या की त्या वीस-तीस मिनिटे तशाच ठेवतात, म्हणजे एक उपचारक एकाच वेळी दोन-तीन खाटा सांभाळू शकतो. समजा खाटा तीन, प्रत्येक रुग्णाला चाळीस मिनिटे आणि रोजचे काम सहा तास. नऊ फेऱ्या, सत्तावीस रुग्ण. बस्स, छत आले! पुढे कमवायचे तर फी वाढवा, खाटा वाढवा, नाही तर हाताबाहेरचे काही शोधा.

हाताबाहेरचे काही शोधणाऱ्यांत हैदराबादचे ठळक नाव म्हणजे हकीम मोहम्मद मोइजुद्दीन फारूकी. त्यांनी १९२० साली ‘जिंदा तिलिस्मात’ बाजारात आणले. मुख्यतः निलगिरीचे तेल, सोबत कापूर, मेंथॉल आणि ओव्याचे सत्त्व. सर्दी-खोकला, डोकेदुखी, पोटदुखी, सगळ्याला तेच : चार थेंब पोटात घ्या, चोळा, नाही तर वाफ घ्या. बाटलीवर हबशी शिपायाचे चित्र. जोडीला फारूकी दंतमंजन. कारखाना अंबरपेठेत, आणि तो आजही चालू आहे. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. आमच्या परभणीच्या घरी देवळीत ही बाटली असायचीच.

यात नवे काय होते? नाडी पाहणाऱ्या हकिमाचा वेळ संपतो, बाटली मात्र हकीम झोपला असतानाही विकली जाते. पनवेलला कृष्णशास्त्री पुराणिक वैद्यांनी १८७२ साली श्रीधूतपापेश्वर काढले, दिल्लीत हकीम अब्दुल मजीद यांनी १९०६ साली हमदर्द दवाखाना सुरू केला आणि पुढल्याच वर्षी रूह अफजा सरबत आणले. वाट एकच.

पण इथे एक गोम आहे. तपासणाराच विकणारा झाला, की सल्ला रोग्यासाठी दिला की मालासाठी, हा संशय येतो. स्वस्त बाटली किराणा दुकानात ठेवली की तो बराचसा मिटतो. घ्यायची की नाही, हे गिऱ्हाईक स्वतः ठरवते. समोर हकीम बसलेला नसतो. बाकीचा धोका जाहिरातीत. १९५४च्या कायद्याने ठरावीक रोगांवर खात्रीशीर इलाजाच्या जाहिरातींना बंदी घातली. हमदर्दनेच त्याला आव्हान दिले, आणि १९५९ साली सर्वोच्च न्यायालयाने काही कलमे वगळून कायदा कायम ठेवला.

दुसरे टोक जुन्या शहरातल्या दूधबावलीचे. बत्तिनी गौड कुटुंब मृग नक्षत्राच्या सुरुवातीला दम्यासाठी जिवंत मरळ मासोळीच्या तोंडात लेप भरून लोकांना गिळायला देते. परंपरा १८४५पासूनची सांगतात, आणि पैसे घ्यायचे नाहीत ही तिची अट. गुणाचा पुरावा वैद्यकाला मिळालेला नाही, आणि आता तिला ‘औषध’ न म्हणता ‘प्रसाद’ म्हणतात. इतिहासाच्या दृष्टीने मला वेगळेच महत्त्वाचे वाटते. लेप फुकट, पण मासोळी विकत, आणि ती विकते मत्स्यविभागाची खिडकी. गर्दीतून कमाई होतेच. इथे ती देणाऱ्याच्या गल्ल्यात जात नाही. त्यांचा मान टिकला तो त्यामुळे.

मग आमच्या सभासदाला काय सांगायचे? सुई बाटलीत भरता येत नाही. बसूंच्या वाटेने मात्र जाता येते : शिकवता येते. आठवड्यातून दोन दिवस एखाद्या रुग्णालयाच्या फिजिओथेरपी विभागात ठरलेल्या मानधनावर बसता येते. माधापूर-गच्चीबावलीच्या कंपन्यांशी करार करून तिथल्या मानदुखीवाल्यांसाठी महिन्यातून एक दिवस ठेवता येतो. या तिन्ही ठिकाणी पैसे वर्गाचे, दिवसाचे किंवा कराराचे मिळतात. एखादा रुग्ण आणखी किती वेळा आला, यावर ते ठरत नाहीत. उलट स्वतःच्याच टेबलावर गोळ्या, चुंबकाचे पट्टे आणि तेले मांडली, की रुग्ण लवकर बरा होणे हाच तोटा ठरतो.

जोडकमाई जरूर करावी. रुग्ण लवकर बरा झाला तर जी बुडते, तेवढी सोडून.