कूस बदलण्याचे शास्त्र

बारावीचा निकाल लागला की सोमेश्वरनगर, बारामती, इंदापूर या पट्ट्यातल्या शाळांमध्ये पुढच्या शिक्षणाची चौकशी सुरू होते. नर्सिंगला जाऊ इच्छिणाऱ्या मुली त्यांत असतातच. बी.एस्सी. नर्सिंगच्या विषयांची यादी पाहिली तर शरीररचना, औषधशास्त्र, प्रसूतिशास्त्र यांच्या जोडीला ‘नर्सिंग संशोधन व संख्याशास्त्र’ असा एक विषय दिसतो. येथे पालक थबकतात, कधी कधी शिक्षकही थबकतात. रुग्णाचे अंग पुसायचे, इंजेक्शन द्यायचे, ताप पाहायचा, यात संशोधन कसले?

प्रश्न रास्त आहे. उत्तरासाठी आपण नर्सच्या कामातली सर्वांत साधी वाटणारी गोष्ट घेऊ. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस बदलणे.

काचेच्या पेल्याचा तळ बोटाच्या पेरावर दाबून काचेतून पाहा. दाबलेला भाग पांढरा पडतो. पेला काढला की लाली परत येते. दाबामुळे केशवाहिन्या मिटतात आणि रक्त पुढे सरकत नाही. युजीन लँडिस या शास्त्रज्ञाने १९३० मध्ये नखाच्या मुळाशी असलेल्या केशवाहिन्यांत अतिसूक्ष्म नळी घालून आतला दाब मोजला. रोहिणीकडच्या टोकाला तो सरासरी ३२ मिलिमीटर पारा इतका भरला. वर्गात हे गणित जरूर करावे. पाऱ्याची घनता १३.६ धरली तर हा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ४४ ग्रॅम वजनाइतका होतो. आता ५० किलोचा माणूस पाठीवर झोपला आहे आणि त्याचे वजन ५,००० चौरस सेंटिमीटरांवर सारखे पसरले आहे असे समजू. दर चौरस सेंटिमीटरला १० ग्रॅम, म्हणजे काळजीचे कारण नाही. पण वजन सारखे पसरत नाही. माकडहाडाचा भाग, टाचा, खांद्याची हाडे आणि डोक्याची मागची बाजू यांवर ते एकवटते आणि तेथे ही मर्यादा सहज ओलांडली जाते. आपण झोपेत नकळत हलतो म्हणून वाचतो. अर्धांगवायू झालेला माणूस हलू शकत नाही. तेथील त्वचा आणि तिच्याखालचे मांस रक्तावाचून मरू लागते आणि जखम होते. हाच शय्याव्रण, रुग्णालयातल्या बोलीत बेडसोअर. (३२ हा आकडा निरोगी माणसांच्या बोटांवरचा आहे. आजारी, कृश, वृद्ध माणसाला याहून कमी दाबही बाधू शकतो. तेव्हा तो सीमारेषा म्हणून पाठ करू नये.)

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ साली शुश्रूषेवरचे आपले पुस्तक लिहिले तेव्हा हे मोजमाप उपलब्ध नव्हते. तरीही रुग्णाला अशी जखम झाली तर दोष बहुधा आजाराचा नसून शुश्रूषेचा असतो, असे त्यांनी त्यात स्पष्ट म्हटले. दिवा हाती घेतलेली बाई एवढीच त्यांची ओळख आपल्या पाठ्यपुस्तकांनी करून दिली, हे आम्हाला नेहमीच खटकत आले आहे. क्रिमियाच्या युद्धातून परतल्यावर त्यांनी मुख्यतः आकड्यांचे काम केले. कोणत्या महिन्यात किती सैनिक जखमांनी मेले आणि किती टाळता येण्याजोग्या रोगांनी, याच्या आकृत्या त्यांनी काढल्या. १८५८ मध्ये लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेने त्यांना सदस्य करून घेतले; त्या संस्थेच्या त्या पहिल्या स्त्री सदस्य. दोन वर्षांनी, १८६० मध्ये, सेंट थॉमस रुग्णालयात त्यांची नर्सिंगची शाळा सुरू झाली.

त्या हिंदुस्थानात कधीच आल्या नाहीत, पण इथल्या आकड्यांत त्यांनी आयुष्याची अनेक वर्षे घालवली. हिंदुस्थानातल्या गोऱ्या फौजेत दर हजारी ६९ सैनिक दरवर्षी मरतात, हे त्यांनी सरकारपुढे मांडले. पुढे फौजेवरून त्यांचे लक्ष खेड्यांकडे वळले. गावाची स्वच्छता, दुष्काळ आणि पाटबंधारे यांवर त्या लिहीत राहिल्या; पुण्याच्या सार्वजनिक सभेशी त्यांचा पत्रव्यवहार होता. कालव्याचे पाणी हा त्यांच्या लेखी आरोग्याचा प्रश्न होता. सोमेश्वरनगरच्या परिसरात ऊस पिकवणारा नीरा डावा कालवा १८८० च्या दशकात वाहू लागला, तो याच काळात.

याच सार्वजनिक सभेचे एक आधारस्तंभ न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे. त्यांच्या मृत्यूनंतर रमाबाई रानडे यांनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभे केले. गोपाळ कृष्ण देवधर त्यांच्या जोडीला होते. सेवासदनाने स्त्रियांना ससून रुग्णालयात नर्सिंगच्या प्रशिक्षणाला पाठवायला सुरुवात केली. त्यांत विधवा होत्या. आज यातले धाडस चटकन लक्षात येत नाही. परक्या माणसाच्या अंगाला हात लावायचा, मलमूत्र काढायचे, रात्रपाळी करायची, आणि हे सगळे जातपात न पाहता. पांढरपेशा घरांना हे कसे रुचणार? बाळंतपण करणाऱ्या सुईणीचे काम तर हलक्या जातीचे म्हणून बाजूला टाकलेले. मुंबईत वाट थोडी आधी उघडली होती. तेथे १८९१ मध्ये प्रशिक्षणाला आलेल्या बाई काशीबाई गणपत यांचे नाव पहिल्या भारतीय नर्स म्हणून पाठ्यपुस्तकांत येते. आणि कोणत्याही प्रमाणपत्राशिवाय शुश्रूषा करणाऱ्यांत सावित्रीबाई फुले यांना कसे विसरता येईल? प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना त्यांनाच प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या.

या सगळ्या प्रशिक्षणाचा भर मात्र आज्ञापालनावर होता. डॉक्टर सांगतील ते अचूक करणारी ती चांगली नर्स. का करायचे, हे विचारायची सोय नव्हती. मुळात नर्सच इतक्या थोड्या होत्या की विचाराला फुरसत कोठून मिळणार? १९४६ च्या भोर समितीच्या अहवालानुसार देशात ४३ हजार लोकांमागे एक नर्स होती. त्याच वर्षी दिल्ली आणि वेल्लोर येथे नर्सिंगचा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला. महाराष्ट्रात मुंबईच्या ना. दा. ठाकरसी महिला विद्यापीठाचे लीलाबाई ठाकरसी नर्सिंग महाविद्यालय १९६४ साली निघाले. नर्सिंग हा विद्यापीठाचा विषय झाला, म्हणजे त्यात प्रश्न विचारणे आले.

कोणते प्रश्न? पुन्हा आपल्या शय्याव्रणाकडे येऊ. दर दोन तासांनी कूस बदलण्याची पद्धत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पक्की झाली. लुडविग गुटमन यांनी १९४४ पासून इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल येथे पाठीचा कणा मोडलेल्या सैनिकांवर ती काटेकोरपणे राबवली. तरीही बहुतेक रुग्णालयांत भर असे चोळण्यावर. पाठीला स्पिरिट लावायचे, पावडर लावायची आणि मालिश करायचे. आपल्याकडच्या ‘बॅक केअर’मध्येही अनेक वर्षे हेच शिकवले गेले. डोरीन नॉर्टन ही नर्स आणि तिचे दोन सहकारी यांनी वृद्ध रुग्णांच्या नोंदी ठेवून हे तपासले. १९६२ मध्ये त्यांचा अहवाल आला. चोळण्याच्या पदार्थांपेक्षा दाब काढून घेणे महत्त्वाचे, असे त्यातून दिसले. कोणाला धोका अधिक हे आधीच ओळखण्यासाठी त्यांनी पाच गोष्टी निवडल्या. शारीरिक स्थिती, मानसिक स्थिती, चालणे-फिरणे, अंथरुणातली हालचाल आणि मलमूत्रावरचा ताबा. प्रत्येकीला १ ते ४ गुण, एकूण २०. बेरीज १४ किंवा त्याहून कमी आली तर रुग्ण धोक्यात. यंत्र नाही, रक्ततपासणी नाही. फक्त शिस्तीने केलेले निरीक्षण. हाडावरची लाल झालेली त्वचा चोळू नये, असे आता शिकवतात. म्हणजे नर्सच्याच संशोधनाने नर्सचा अभ्यासक्रम दुरुस्त झाला.

या ज्ञानाची किंमत काय, हे मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात दिसले. तेथील नर्स अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातच एका सफाई कामगाराने अत्याचार केला. मेंदूला इजा झाली आणि त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या. १८ मे २०१५ पर्यंत, म्हणजे ४१ वर्षांहून अधिक काळ, तेथील नर्सनी त्यांना सांभाळले. त्यांच्या दयामरणाचा अर्ज सर्वोच्च न्यायालयापुढे गेला, तेव्हा इतक्या वर्षांत त्यांना शय्याव्रण झालेला नाही ही गोष्ट नोंदली गेली. अरुणा यांना ज्यांनी कधी पाहिलेही नव्हते अशा नर्सही त्या पाळ्यांमध्ये होत्या. एकीने केलेले काम दुसरीकडे सोपवायचे आणि त्यात एकही फट राहू द्यायची नाही, याला ‘प्रेमळपणा’ म्हणून सोडून देणे आम्हाला अपुरे वाटते. ती व्यावसायिक शिस्त आहे. २०११ च्या निकालात न्यायालयाने अरुणा यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार के. ई. एम.च्या कर्मचाऱ्यांचा मानला.

शेवटी दोन तासांच्या त्या नियमाबद्दल. तो तरी तपासला गेला आहे का? नॅन्सी बर्गस्ट्रॉम या नर्स-संशोधिकेच्या गटाने अमेरिका व कॅनडातल्या शुश्रूषागृहांत तो तपासला आणि २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. नऊशेहून अधिक वृद्धांची कूस काहींची दर दोन, काहींची तीन आणि काहींची चार तासांनी बदलली. शय्याव्रणांच्या प्रमाणात लक्षणीय फरक पडला नाही. पण त्या सर्वांच्या अंगाखाली दाट फोमची खास गादी होती. सोमेश्वरनगरच्या एखाद्या घरात अर्धांगवायूने पडलेल्या आजोबांच्या अंगाखाली वर्षानुवर्षे दबून टणक झालेली कापसाची गादी असते, वर मे महिन्याचा घाम असतो आणि घरातली माणसे दिवसा उसाच्या रानात असतात. तेथे किती तासांनी कूस बदलायची, हे त्या निष्कर्षांवरून सांगता येणार नाही. एक वही, एक घड्याळ, नॉर्टनचे वीस गुण आणि परिसरातली पंचवीस-तीस घरे घेऊन शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थिनीला या प्रश्नाला हात घालता येईल.