प्रॉम्प्ट बुकाच्या पलीकडे : हौशी मंडळे, ‘द मिकाडो’ आणि जुन्या नाटकाची मालकी

१/ ३१ डिसेंबर १९६१. ब्रिटनमध्ये त्या मध्यरात्री एक कॉपीराइट संपला. नाटककार डब्ल्यू. एस. गिल्बर्ट १९११ साली निवर्तले होते आणि कायद्याने दिलेली पन्नास वर्षांची मुदत आता पुरी झाली होती. गावोगावच्या हौशी संगीतिका मंडळांपुढे प्रथमच एक प्रश्न खुला झाला : पणजोबांच्या काळातील विनोद आजच्या वेशात सादर करावा काय? #इतिहास #थ्रेड

२/ आधी थोडी पार्श्वभूमी. गिल्बर्ट यांची संहिता, आर्थर सलिव्हन यांचे संगीत आणि रिचर्ड डॉयली कार्ट यांची निर्मिती. १८७१ ते १८९६ या काळात गिल्बर्ट-सलिव्हन जोडीने चौदा संगीतिका रचल्या. गद्य संवाद आणि मधूनमधून गाणी अशी त्यांची घडण असे. पुण्यात १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आले. दोन्ही परंपरांचा परस्परांशी संबंध नाही, पण काळ तोच.

३/ या संगीतिका आज जुन्या भासतात. जन्मतः मात्र त्या अगदी ताज्या होत्या. ‘एच. एम. एस. पिनाफोर’ (१८७८) मध्ये समुद्राचा गंध नसलेला गृहस्थ नौदलाचा मंत्री होतो. त्याच्या आदल्याच वर्षी डब्ल्यू. एच. स्मिथ या पुस्तकविक्रेत्या घराण्यातील राजकारण्याकडे खरोखर नौदल खाते आले होते. ‘पेशन्स’ने (१८८१) तत्कालीन सौंदर्यवादी कवींची, तर ‘प्रिन्सेस आयडा’ने (१८८४) स्त्रियांच्या महाविद्यालयांच्या कल्पनेची थट्टा केली. कालची बातमी आज रंगमंचावर येत असे.

४/ ‘पिनाफोर’ अफाट गाजले आणि अमेरिकेत त्याची सर्रास चोरी झाली. परदेशी लेखकाला तेथील कायद्याचे संरक्षणच नव्हते. म्हणून पुढची संगीतिका, ‘द पायरेट्स ऑफ पेन्झान्स’, ३१ डिसेंबर १८७९ रोजी थेट न्यूयॉर्कमध्ये उघडण्यात आली. ब्रिटनमधील हक्क राखण्यासाठी आदल्या दिवशी डेव्हन परगण्यातील पेंटन येथे एका दौऱ्यावरच्या नटसंचाने हातात संहिता धरून घाईघाईने एक प्रयोग उरकला.

५/ डॉयली कार्ट कंपनीचा पुढचा कडवेपणा या अनुभवाच्या उजेडात समजून घ्यावा लागतो. ब्रिटनमध्ये या संगीतिकांचे व्यावसायिक प्रयोग ती स्वतःच करी. हौशी मंडळांना मात्र ती परवाना देई. कारकून, शिक्षक, दुकानदार, गृहिणी दिवसभराचे काम आटोपून संध्याकाळी चर्चच्या सभागृहात तालमींना जमत. हे वेड इतके पसरले की १८९९ साली अशा मंडळांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. ती आजही कार्यरत आहे.

६/ परवान्यासोबत एक अट येई : कंपनीच्या प्रॉम्प्ट बुकाबरहुकूम प्रयोग करायचा. प्रॉम्प्ट बुक म्हणजे संहितेची अशी प्रत, जिच्यात कोणत्या ओळीला कोणी कोठे उभे राहावे, कोठे वळावे, काय करावे हे सारे नोंदलेले असते. परिणामी दूरच्या एखाद्या खाणकामगारांच्या गावातही प्रयोग लंडनच्या वळणाचा होई. दिग्दर्शकाचे काम पुष्कळसे नक्कल उतरवून काढणाऱ्या लेखनिकासारखे होऊन बसले.

७/ गिल्बर्ट यांना हे खटकले असते असे मात्र नाही. ते स्वतः अत्यंत काटेकोर दिग्दर्शक होते. नटाने पदरचे वाक्य घुसडलेले त्यांना खपत नसे. त्यामुळे ‘बदल हाच मूळ लेखकाचा हेतू’ असे म्हणणे सोयीचे असले तरी खरे नव्हे. त्यांचा विषय वर्तमान होता आणि त्यांची शिस्त पोलादी होती. पुढच्या पिढ्यांनी शिस्त जपली. वर्तमान मात्र हळूहळू इतिहासजमा झाले.

८/ जेथे कंपनीचा हात पोहोचत नव्हता, तेथे प्रयोग आधीच बदलू लागले होते. १९३८ साली शिकागोत फेडरल थिएटर प्रोजेक्ट या सरकारी योजनेतून ‘द स्विंग मिकाडो’ उभे राहिले. सर्व कलावंत कृष्णवर्णीय, स्थळ एक प्रशांत महासागरी बेट आणि काही गाण्यांना स्विंग संगीताचा ठेका. पाठोपाठ १९३९ मध्ये विख्यात नर्तक बिल रॉबिन्सन यांना घेऊन ‘द हॉट मिकाडो’ ब्रॉडवेवर आले.

९/ आणखी महत्त्वाची गोष्ट म्हणजे बरहुकूम प्रयोगाचा आग्रह धरणाऱ्या कंपनीनेही शेवटी संहितेला हात लावला. ‘मिकाडो’च्या दोन गाण्यांत कृष्णवर्णीयांविषयीचा एक अपमानकारक शब्द होता. अमेरिकेच्या दौऱ्यात त्यावर आक्षेप आले, तेव्हा १९४८ साली रूपर्ट डॉयली कार्ट यांनी लेखक ए. पी. हर्बर्ट यांच्याकडून पर्यायी ओळी लिहून घेतल्या. ‘मूळ’ संहिता त्या दिवसापासून काटेकोर अर्थाने मूळ राहिली नाही. संगीतिका मात्र जिवंत राहिली.

१०/ जानेवारी १९६२ मध्ये सॅडलर्स वेल्स संस्थेने ‘आयोलँथी’ रंगमंचावर आणली आणि व्यावसायिक मक्तेदारी संपली. हौशी मंडळांचेही बंधन सुटले. तरी गंमत अशी की पुष्कळ मंडळांनी त्यानंतरही वर्षानुवर्षे जुनीच चाकोरी धरली. कायद्याची सक्ती गेली, सवयीची उरली. जुने सभासद आणि जुने प्रेक्षक यांना प्रत्येक पाऊल पाठ होते. त्यांच्या दृष्टीने ते पाऊल चुकणे म्हणजे आठवणीचाच अवमान होता.

११/ बदलाची सर्वांत सोपी वाट खुद्द ‘मिकाडो’तच होती. को-को हा राजवधिक, ज्यांच्या जाण्याने कोणाचेही नुकसान होणार नाही अशा माणसांची यादी गाऊन दाखवतो. तिच्या अखेरीस राजकारण्यांची नावे गिल्बर्ट यांनीच मोकळी सोडली होती, प्रेक्षकांनी मनात भरावीत म्हणून. आज असंख्य हौशी प्रयोगांत ही यादी नव्याने लिहिली जाते. तिच्यात गावचे खड्डे येतात, मोबाइलवर मोठ्याने बोलणारे येतात, ताजे मंत्रीही येतात.

१२/ पण यादी बदलणे सोपे, चौकट बदलणे अवघड. ‘मिकाडो’ (१४ मार्च १८८५, पहिल्या खेपेस सलग ६७२ प्रयोग) जपानमध्ये घडते. ते जपान नावापुरते आहे. थट्टा आहे ती ब्रिटिश नोकरशाहीची आणि शिष्टाचाराची. त्या वर्षी लंडनच्या नाइट्सब्रिज भागात ‘जपानी खेडे’ हे प्रदर्शन भरले होते. पंखे, चाल आणि हावभाव शिकवण्यासाठी तेथील जपानी व्यक्तींना तालमीला बोलावण्यात आले होते.

१३/ हे ‘नावापुरते’ कोणाला किती नावापुरते वाटते, हा खरा वाद. १९०७ साली जपानचे राजपुत्र फुशिमी ब्रिटनच्या भेटीस येणार म्हणून सरकारनेच ‘मिकाडो’चे प्रयोग काही आठवडे थांबवले. पाहुण्याला काय वाटेल, याची चिंता राज्यकर्त्यांना होती. त्यांचा विचार मैत्रीच्या करारांपुरता होता. रंगमंचावर आपलीच चेष्टा पाहणाऱ्या सामान्य माणसाचा विचार त्यात नव्हता.

१४/ तो विचार शतकानंतर पुढे आला. २०१४ साली सिएटलच्या गिल्बर्ट-सलिव्हन सोसायटीच्या ‘मिकाडो’त जपानी पात्रे जवळजवळ सर्वस्वी गोऱ्या कलावंतांनी साकारली, तेव्हा आशियाई-अमेरिकन नागरिकांनी तीव्र निषेध केला. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कमधील एका व्यावसायिक संस्थेने जाहीर झालेले प्रयोग रद्द केले. एका बाजूचे म्हणणे : ही चेष्टा इंग्रजांची आहे. दुसऱ्या बाजूचे उत्तर : मग वेश आमचा का?

१५/ या उत्तराची पूर्वतयारी रंगभूमीवर आधीच झाली होती. जोनाथन मिलर यांनी १९८६ साली इंग्लिश नॅशनल ऑपेरासाठी जपान पूर्णपणे गाळले आणि कथानक दोन महायुद्धांच्या दरम्यानच्या एका इंग्रजी समुद्रकिनारी हॉटेलात नेले. सलिव्हन यांचे संगीत कायम राहिले आणि विनोदही शाबूत राहिला. न्यूयॉर्कची संस्था २०१६ च्या अखेरीस नव्या रूपात परतली. आता आरंभी गिल्बर्ट, सलिव्हन आणि कार्ट ही पात्रेच रंगमंचावर येत, म्हणजे हे जपान कोणाच्या कल्पनेतले आहे ते प्रेक्षकाला आधीच कळे.

१६/ या दीड शतकात बदलले ते निर्णय घेणारे हात. पूर्वी निर्णय परवाना देणाऱ्या कंपनीचा असे आणि चुकले तर दोषही तिच्या माथी जाई. १९६२ नंतर तो हौशी मंडळाच्या कार्यकारिणीकडे आला. तालमीच्या सभागृहात चहाचा कप हातात घेऊन बसलेल्या दहा-बारा माणसांना आज ठरवावे लागते : कोणती ओळ ठेवायची, कोणती गाळायची, कोणता वेश कोणी चढवायचा.

१७/ प्रॉम्प्ट बुक होते तोवर हे प्रश्न टाळता येत होते. जुनी कलाकृती सर्वांची झाली की तिच्यावरचा हक्क जसा सर्वांचा होतो, तशी तिच्या परिणामांची जबाबदारीही सर्वांची होते. म्हणून एखाद्या छोट्या मंडळाने ‘पिनाफोर’ आधुनिक पर्यटनजहाजावर चढवले किंवा ‘मिकाडो’चे किमोनो पेटीत ठेवून दिले, तर त्याला परंपरेचा भंग म्हणण्याची घाई नको. परंपरेची मालकी स्वीकारण्याची रीत तीच आहे.