राजाबाई टॉवर आणि मुंबईची ३९ मिनिटं

घाटकोपर-मुलुंडहून रोज फोर्टात कामाला जाणाऱ्या आपल्यासारख्यांनी राजाबाई टॉवर हजारदा पाहिलेला असतो, पण त्याच्या घड्याळाकडे बघून वेळ कोण लावतं आता? एके काळी मात्र घड्याळात किती वाजलेत, यावरून या शहरात खरोखरची भांडणं झाली आहेत.

फोर्ट म्हणजे कोट. बंदराच्या कडेने कंपनी सरकारने बांधलेली तटबंदी, बाहेर खंदक आणि तीन दरवाजे. त्यातला चर्चगेट हा दरवाजा ज्या चर्चमुळे ओळखला गेला, त्या सेंट थॉमस चर्चला १८३८ च्या सुमारास घड्याळाचा मनोरा मिळाला. पुढे १८६० च्या दशकात तट पाडला आणि कोटाबाहेरच्या मोकळ्या मैदानाकडे तोंड करून नव्या इमारती उठल्या. त्यांतलाच विद्यापीठाचा हा मनोरा. पैसे कापसाच्या तेजीत गब्बर झालेल्या प्रेमचंद रायचंद यांचे, नाव त्यांच्या आईचं. आराखडा गिल्बर्ट स्कॉटचा, आणि हा गृहस्थ मुंबईत कधी आलाच नाही! दगड मात्र आपल्या कुर्ल्याचा. १८६९ ला पायाभरणी, १८७८ ला काम पूर्ण. पायाभरणीच्या आधीच बाजार कोसळून प्रेमचंद स्वतः बुडाले होते.

राजाबाईंना दिसत नसे आणि जैन रिवाजाप्रमाणे सूर्यास्ताआधी जेवता यावं म्हणून मुलाने हे ठोके ऐकवले, अशी गोष्ट सांगतात. गोड आहे, पण माझा तिच्यावर फारसा विश्वास नाही. प्रेमचंदांचा बंगला भायखळ्याला. तिथवर ठोके कसे पोचणार?

आता मूळ भांडण. प्रत्येक गावाचे बारा वेगळे, कारण पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात. मद्रास मुंबईच्या पूर्वेला, म्हणून तिथलं घड्याळ अर्धा तास पुढे. रेल्वेने सगळीकडे मद्रासची वेळ धरली. म्हणजे भांडुपच्या माणसाला गाडीसाठी एक वेळ आणि घरी दुसरी. १८८१ मध्ये गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी सरकारी कचेऱ्यांनाही मद्रास वेळ लावली. लोक भडकले. विद्यापीठाच्या घड्याळात कुठली वेळ दाखवायची, यावरही वाद रंगला. शेवटी १८८३ मध्ये सरकारनेच माघार घेतली.

१ जानेवारी १९०६ ला स्टँडर्ड टाइम आला. हा ८२.५ अंश रेखांशाचा, आणि मुंबई ७३ च्या थोडी अलीकडे. फरक ३९ मिनिटांचा. साहेबांच्या लेखी हा हिशेबाचा प्रश्न. पण गिरणीत भोंगा जुन्या साडेपाचला वाजायचा, तो आता सूर्याच्या मानाने ३९ मिनिटं आधी वाजणार! त्याच महिन्यात गिरणी कामगारांनी काम बंद पाडलं. मला वाटतं, या वादात सर्वांत रोखठोक मुद्दा त्यांचाच होता, कारण झोप त्यांची जाणार होती. बाकीचे बोलत होते ते अभिमानाचं. बंगालची फाळणी नुकतीच झाली होती, स्वदेशीची हवा होती, त्यात कलकत्त्याहून आलेलं घड्याळही गळ्यात बांधायचं? म्युनिसिपालिटीने नवी वेळ आधी मान्य केली, मग काही महिन्यांत मत फिरवलं आणि जुन्या मुंबई वेळेवर परत आली.

मग सुरू झाला तो दुहेरी कारभार, स्वातंत्र्यानंतरही चाललेला. रेल्वे आणि तार एका वेळेवर, शहरातली कितीतरी घड्याळं दुसऱ्या. मुहूर्त चुकू नये म्हणून लग्नपत्रिकेत वेळेपुढे ‘स्टँ. टा.’ छापू लागले. १९५० च्या दशकात हा गोंधळ संपला. त्याच दशकात, आधी अंधेरी-घाटकोपर आणि मग १९५७ ला बोरिवली-मुलुंड, आपली उपनगरं महापालिकेत आली.

सूर्य मात्र अजून मुंबई वेळच पाळतो. आपल्याकडे तो डोक्यावर येतो सरासरी १२ वाजून ३९ मिनिटांनी. पुढच्या भागात भेटू.