गाऱ्हाणे वाचणारे यंत्र : प्रस्तावना

नरसी नामदेवच्या शिवारात, कयाधूच्या काठाला, मोटरीला वीज मिळेनाशी झाली की शेतकरी म्हणतो, ‘डीपी जळाली.’ सरकारी कागदावर तिचे नाव रोहित्र. तक्रारींची वर्गवारी करणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेचा अभ्यास या दोन शब्दांपासून सुरू करावा, असे मला मनापासून वाटते. ज्या यंत्राला फक्त रोहित्र ठाऊक आहे, ते डीपीचा अर्ज भलत्याच टेबलावर पाठवील, आणि तोवर हरभरा वाळून जाईल.

नरसी हे संत नामदेवांचे जन्मगाव मानले जाते. विठ्ठलाशी रुसून, भांडून बोलणाऱ्या त्यांच्या अभंगांमुळे गाऱ्हाणे या शब्दाला इथे वेगळेच वजन आहे. जवळच्या औंढा नागनाथची आख्यायिका सांगते, की त्यांना देवळामागे जायला लावले तेव्हा देऊळच त्यांच्याकडे फिरले.

कचेरीत अर्जाची पहिली नोंद बारनिशीत, म्हणजे आवक-जावक शाखेत होते. तो कोणत्या शाखेचा, हे लिपिक वाचून ठरवतो. लोकशाही दिनाचे अर्ज असेच वाटले जातात. ऑनलाइन तक्रारींसाठी राज्याचे ‘आपले सरकार’ हे पोर्टल 2015मध्ये आले; केंद्राची सीपीग्राम्स ही तक्रार प्रणाली 2007पासून आहे. आयआयटी कानपूरने तिच्यासाठी केलेली, तक्रारींचे आपोआप विश्लेषण करणारी प्रणाली 29 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झाली. 2024मध्ये केंद्राने निपटाऱ्याची मुदत 21 दिवसांवर आणली, तेव्हा अर्ज पहिल्याच दिवशी योग्य हाती पडणे आणखी निकडीचे झाले.

यंत्र मजकुराचे आकडे करते आणि अर्थाने जवळचे अर्ज शेजारी ठेवते. ‘डीपी जळाली’, ‘चार दिवस लाइन नाही’, ‘गव्हाला पाणी देता येईना’ हे तीन अर्ज एकत्र आले, की अभियंत्याला एकच नादुरुस्त रोहित्र दिसते. हे फार मोलाचे आहे.

पण निराधार योजनेचे पैसे थांबलेल्या एका आजीचा अर्ज डोळ्यांसमोर आणा. सुरुवातीला पगार बंद झाल्याचे लिहिले आहे (निराधारच्या पैशांना गावात पगारच म्हणतात), मध्येच बँकेत अंगठा लागत नाही, आणि शेवटच्या ओळीत नवऱ्याच्या जमिनीचा फेरफार. टेबल कोणते? जुन्या नोंदींवर शिकलेले यंत्र जुन्या चुकाही शिकते. लिपिकाने जिथे ‘इतर’ लिहिले, तिथे तेही ‘इतर’च लिहिते. क्वचित येणारी तक्रार त्याला नीट ओळखता येत नाही, आणि एकट्या माणसाची तक्रार बहुधा तशीच असते. म्हणून खात्री नसेल तिथे यंत्राने अर्ज माणसाकडे द्यावा, हा नियम मी कोणत्याही अचूकतेच्या टक्केवारीपेक्षा वर ठेवतो.

या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येकाचे स्वागत आहे. भाषेच्या अभ्यासकांचे तर विशेष. संगणकाला हात लावण्याआधी शंभर जुने अर्ज घ्या, नावे झाकून हाताने वर्गवार लावा. तेच अर्ज बारनिशीतल्या अनुभवी लिपिकाला लावायला सांगा. जिथे तुमचे जुळणार नाही ते अर्ज वेगळे काढून त्याच्या शेजारी बसा, आणि त्याने ते तिकडे का लावले, ते विचारा.