फिजीच्या मुली आणि पडद्यावरचा आरसा



प्रशांत महासागरांतील फिजी बेटांवर पाहुण्यास पोटभर जेवावयास घालणें हा गृहस्थाचा पहिला धर्म समजत. तेथील मूळ समाजांत भरदार अंगकाठीला मान असे. ज्याच्या अंगावर मांस, त्याच्या पाठीशीं आप्तांची माया, असा तिचा अर्थ होता. मुलगी वाळूं लागली कीं घरच्यांस काळजी पडे. अन्नावरची वासना उडण्यास ‘माधाके’ असें नांव होतें, आणि त्यावर झाडपाल्याचीं औषधें देत. आपल्याकडील आजी नातीस पाहतांच ‘किती ग वाळलीस!’ म्हणून हळहळते, तीच ही भाषा.

१९९५ सालीं या बेटांवरील नांद्रोगा भागांत दूरचित्रवाणी आली. अ‍ॅन बेकर या अमेरिकन वैद्य व मानवशास्त्रज्ञ विदुषीनें ती आल्यावर थोड्याच आठवड्यांत तेथील शाळकरी मुलींची चौकशी केली, आणि १९९८ सालीं पुनः तशीच केली. मुलींचें सरासरी वय सतरा वर्षांच्या आसपास होतें. पहिल्या खेपेस ६३ मुलींपैकीं शेंकडा १२.७ जणींची आहारविषयक वृत्ति चिंताजनक आढळली. दुसऱ्या खेपेस ६५ मुलींत हें प्रमाण शेंकडा २९.२ झालें. वजन उतरविण्यासाठीं खाल्लेलें मुद्दाम ओकून टाकणारी मुलगी प्रथम एकहि नव्हती. तीन वर्षांनंतर शंभरांत अकरा जणी तसें करीत असल्याचें दिसलें.

या आंकड्यांवरून वाटेल तें अनुमान काढूं नये. दोन्ही वेळच्या मुली निराळ्या होत्या, त्यांची संख्या थोडी होती, आणि दूरचित्रवाणीवांचून राहिलेला गट तुलनेस नव्हता. परंतु मुलींनीं स्वमुखें जें सांगितलें तें विचार करण्याजोगें आहे. पडद्यावरच्या सडपातळ परदेशी नायिकांसारखें झालों तर चांगली नोकरी मिळेल, घरकामांतहि आपला अधिक उपयोग होईल, असें त्यांपैकीं कित्येकींस वाटत होतें. याला नटवेपणा म्हणून हिणविणें अन्यायाचें होईल. भोंवतालचें जग बदलत होतें, त्यांत शिरण्याची वाट त्यांस हवी होती, आणि पडद्यानें दाखविलेली वाट त्यांच्याच देहावरून जात होती.

हा विकार दूरचित्रवाणीनें जन्मास घातला असेंहि नाहीं. लंडनचे डॉ. विल्यम गल व पॅरिसचे डॉ. लासेग या दोघांनीं १८७३ सालीं, अन्न टाकून झिजत जाणाऱ्या तरुण मुलींचीं वर्णनें मांडलीं. ‘अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होझा’ हें नांव गलचें. अशा रोग्याच्या शुश्रूषेस नातेवाईक बहुधा सर्वांत अयोग्य, असें त्याचें मत होतें. पुढें शंभराहून अधिक वर्षांनीं, १९८७ सालीं, लंडनच्याच डॉक्टरांनीं प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगांत उलट अनुभव आला. ज्यांचा आजार कोवळ्या वयांत सुरू झाला होता व फार जुना झाला नव्हता, त्या रोग्यांस कुटुंबासह केलेल्या उपचारांनीं अधिक गुण आला.

आतां प्रश्न उरतो तो आजार येऊंच नये यासाठीं काय करावें हा. प्रारंभीं शाळांतून व्याख्यानें झालीं. मुलींचें ज्ञान वाढलें, वागणें फारसें बदललें नाहीं. अमेरिकेंत एरिक स्टाइस व त्यांचे सहकारी यांनीं निराळी युक्ति योजिली. आपल्या देहाविषयीं असमाधानी असलेल्या मुलींस त्यांनीं एकत्र बसविलें, आणि सडपातळपणाच्या आदर्शाविरुद्ध बोलण्याचें काम त्यांच्याकडेच सोंपविलें. त्या आदर्शापायीं काय गमवावें लागतें, हें मुलींनींच लिहावयाचें, मुलींनींच पटवून द्यावयाचें. स्वतःच्या तोंडून निघालेल्या मताशीं माणूस इमान राखूं पाहतो, हें त्यामागील सूत्र. २००८ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणें, नुसती तपासणी झालेल्या मुलींच्या मानानें या मुलींत तीन वर्षांत असा विकार उद्भवण्याचा संभव शेंकडा ६० नीं कमी झाला.

फिजींतला तो पडदा घरांत एका जागीं असे. आज तो मुलीच्या तळहातावर आहे. तो हिरावून घेणें आपल्या हातीं राहिलेलें नाहीं, पण घरांतली भाषा आपल्या हातीं आहे. मुलगी जेवण चुकवूं लागली, ताटावरून उठूं लागली, तिची पाळी थांबली, तर तिला दोष न देतां डॉक्टरांकडे न्यावी. आणि एरव्हीं ती पानावर बसली असतां तिच्या वजनाचा वा रंगाचा उच्चार करूं नये. आज काय वाचलेंस, मैत्रिणीशीं कशावरून भांडलीस, हें विचारावें. उत्तर देतां देतां ती आणखी एक पोळी मागून घेईल.