पाच टक्क्यांची रेघ कुठून आली?

चार दिवस झाले, पावसाची रिपरिप थांबेना. सोयाबीनमध्ये पाय ठेवता येत नाही, कोळपं ओसरीत उभं आहे. म्हणून आज पिकाची नोंद नाही, एक जुनी गोष्ट लिहितो. तीही शेतातलीच आहे.

माझी पुतणी मानसशास्त्रात एम.ए. करते. शाळेतल्या मुलांची झोप आणि परीक्षेचे मार्क यावर तिने साठ मुलांची पाहणी केली. कमी झोपणाऱ्यांचे मार्क कमी दिसले, पण कॉम्प्युटरने पी व्हॅल्यू दिली ०.०८. तिला सांगण्यात आलं की ०.०५ च्या आत नाही, म्हणजे 'सिग्निफिकंट' नाही, दुसरं काहीतरी तपासून बघ. पोरगी हिरमुसली. मला म्हणाली, "काका, ही ०.०५ ची रेघ मारली कुणी?"

मी म्हटलं, "अगं, ही तर आमची सी.डी.!" कृषी विद्यापीठाच्या चाचण्यांचे तक्ते तुम्ही पाहिले असतील. तळाशी 'सी.डी. ५ टक्के' लिहिलेलं असतं. दोन वाणांच्या उताऱ्यातला फरक त्यापेक्षा जास्त असेल तर तो खरा धरतात, नाहीतर 'एन.एस.' लिहून सोडून देतात. ते पाच टक्के आणि तिचे ०.०५ एकच. मग आम्ही दोघं मागे लागलो. ती इंग्रजी वाचून सांगायची, मी मधेमधे विचारायचो.

रेघ निघाली शेतातच. लंडनच्या उत्तरेला रोदमस्टेड नावाचं संशोधन केंद्र आहे. तिथल्या ब्रॉडबाल्क नावाच्या शेतात १८४३ पासून गव्हावर खतांचे प्रयोग चालू आहेत, आजही. १९१९ मध्ये तिथे रोनाल्ड फिशर नावाचा तरुण गणिती आला. त्याच्यापुढे सत्तर-पंचाहत्तर वर्षांच्या उताऱ्यांच्या वह्या होत्या. अडचण आपलीच. एका पट्ट्यात जास्त पिकलं, ते खताने, का जमीन चांगली म्हणून, का त्या साली पाऊस बरा म्हणून?

१९२६ मध्ये त्याने शेतातल्या प्रयोगांच्या मांडणीवर एक लेख लिहिला. त्यातलं उदाहरण आपल्याला लगेच कळतं. शेजारशेजारचे दोन एकर आहेत. एकाला खत घातलं, त्याला दहा टक्के जास्त पिकलं. हे खताचं काम का? फिशर म्हणतो, समजा वीस वर्षांचा अनुभव आहे की दोन्हींना सारखंच दिलं तेव्हा त्या एकराने कधीच दहा टक्क्यांची आघाडी घेतली नाही, तर यंदाचा फरक विचारात घेण्यासारखा आहे. वीसात एक म्हणजे पाच टक्के. कुणाला हे कमी वाटलं तर त्याने पन्नासात एक धरावं, शंभरात एक धरावं, असंही तो तिथेच म्हणतो. म्हणजे रेघ दगडावरची नव्हती, सोयीची होती.

आणखी एक गोष्ट त्याच लेखात आहे, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची तीच. नीट मांडलेला प्रयोग पुन्हा पुन्हा केला आणि ही पातळी क्वचितच हुकली, तरच गोष्ट सिद्ध झाली म्हणायची. एकदा रेघ ओलांडली की काम झालं, असं त्याने सांगितलं नव्हतं. प्रत्येक खताचे अनेक वाफे करायचे, शेजारच्या सारख्या जमिनीचे गट पाडायचे, आणि कुठल्या वाफ्याला काय ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचं, ही शिस्त त्याचीच.

चिठ्ठ्यांचं मोल मला महागात कळलं. मागे एका कंपनीचा माणूस आला, दाणेदार खताचा डेमो माझ्याच रानात घेतला. एक पट्टा त्याच्या मालाचा, एक बिगर मालाचा. एकरी दीड पोतं जास्त निघालं. फोटो झाले, मी पुढच्या साली चार एकरांना ते खत घातलं आणि काडीचा फरक पडला नाही. नंतर लक्षात आलं, त्याने पट्टा निवडला होता विहिरीकडचा, जिथे काळी खोल आहे. दुसरा मुरमाडावर होता. चूक माझीही, रान माझं असून मी बोललो नाही.

फिशरच्या आधी एक गॉसेट होता. डब्लिनच्या गिनेस दारूभट्टीत नोकरीला. बिअरला लागणाऱ्या बार्लीच्या चाचण्या बघायचा. १९०८ मध्ये त्याने थोड्या नमुन्यांवरून अंदाज बांधायची रीत काढली, पण कंपनीच्या नियमामुळे 'स्टुडंट' या नावाने छापली. आजची 'टी टेस्ट' ती. गॉसेट व्यवहारी माणूस. किती खात्री लागेल हे त्यात पैसा किती अडकलाय त्यावर ठरतं, असं त्याचं म्हणणं. आपल्याला हे पटायला वेळ लागत नाही. बियाण्याची पिशवी बदलायला थोडी खात्री पुरते, बाग तोडायला भरपूर लागते.

तिसरा नेमन, पोलंडकडचा. त्यानेही सुरुवात शेतीच्या प्रयोगांपासून केली. १९३३ मध्ये त्याने आणि ईगॉन पिअर्सनने सांगितलं की चुका दोन तऱ्हेच्या असतात. खत निकामी असून चांगलं म्हणणं ही एक, चांगलं असून निकामी म्हणणं ही दुसरी. दोन्हींची किंमत आधी ठरवा. फिशरला हे मानवलं नाही आणि दोघांचं भांडण फिशरच्या मरणापर्यंत चाललं.

आपला माणूसही यात आहे. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पां. वा. सुखात्मे लंडनला याच नेमन-पिअर्सन मंडळींत शिकले. परत येऊन त्यांनी पीक कापणी प्रयोगांची शास्त्रीय पद्धत बसवायला मोठा हातभार लावला. १९५४ चं पानसे-सुखात्मे यांचं संख्याशास्त्राचं पुस्तक शेतीच्या कॉलेजात शिकलेल्या प्रत्येकाला माहीत असेल.

मग हे शेतातलं अवजार माणसांच्या अभ्यासात कसं गेलं? अमेरिकेत मक्याच्या आयोवा राज्यात स्नेडेकरने फिशरच्या रीती सोप्या करून १९३७ मध्ये पुस्तक काढलं. त्याच राज्यात लिंडक्विस्टने १९४० मध्ये त्या शिक्षणशास्त्रात नेल्या. तिथून मानसशास्त्र, समाजशास्त्र. जाताना मात्र फिशर आणि नेमन यांचं भांडण बाजूला पडलं. दोघांचं एकत्र कालवून एकच पाककृती झाली, आणि पुन्हा प्रयोग करण्याची अट गळून गेली. शेतात दर हंगामाला पीक येतं, तपासून बघावंच लागतं. माणसांची पाहणी एकदाच होते, लेख छापला की संपलं.

परिणाम १९५९ मध्येच दिसला. स्टर्लिंगने मानसशास्त्राच्या चार मासिकांतले लेख मोजले. कसोटी वापरलेल्या २९४ लेखांपैकी २८६ लेखांत निकाल 'सिग्निफिकंट'. एखाद्या विद्यापीठाच्या २९४ चाचण्यांपैकी २८६ यशस्वी झाल्या असं कुणी सांगितलं तर आपण काय म्हणू? अपयशी चाचण्या ड्रॉवरमध्ये राहिल्या, एवढाच अर्थ.

पुढे मील नावाच्या मानसशास्त्रज्ञाने उलटी बाजू दाखवली. मिनेसोटातल्या ५७,००० विद्यार्थ्यांच्या माहितीतून १०५ जोड्या तपासल्या आणि सगळ्याच्या सगळ्या 'सिग्निफिकंट' निघाल्या. माणसं पुरेशी घेतली की कशाचाही कशाशी बारीकसा संबंध दिसतोच. पण तो संबंध कामाचा आहे का, हे पी सांगत नाही. कोहेनने १९९४ मध्ये 'पृथ्वी गोल आहे (पी ०.०५ पेक्षा कमी)' अशा नावाचा लेख लिहून सगळ्यांना चिमटा काढला. त्याची मुख्य तक्रार समजून घ्यायला हवी, कारण आपणही तिथेच फसतो. पी ०.०५ म्हणजे 'खत चांगलं असण्याची शक्यता ९५ टक्के' असं नाही. खताने काहीच होत नाही असं धरून चाललं, तर एवढा किंवा याहून मोठा फरक नुसत्या योगायोगाने दिसण्याची शक्यता पाच टक्के, इतकंच. पुतणीच्या ०.०८ चा अर्थही तोच, शंभरात आठ.

स्फोट व्हायला २०११ उजाडलं. डॅरिल बेम या नामांकित प्राध्यापकाने नऊ प्रयोग छापले. माणसाला पुढे घडणारं आधीच जाणवतं, असा दावा. नऊपैकी आठ 'सिग्निफिकंट'. रीत तर नेहमीचीच होती, मग चूक कुठे? २०१५ मध्ये मानसशास्त्रातले शंभर अभ्यास पुन्हा करून बघितल्याचा निकाल आला. मूळच्या ९७ टक्क्यांत परिणाम 'सिग्निफिकंट' होता, पुन्हा केल्यावर ३६ टक्क्यांत. त्याच साली सामाजिक मानसशास्त्राच्या एका मासिकाने पी व्हॅल्यूवरच बंदी घातली. २०१६ मध्ये अमेरिकेच्या संख्याशास्त्र संघटनेने सांगितलं की नुसत्या रेघेवर निर्णय घेऊ नका. २०१९ मध्ये आठशेवर शास्त्रज्ञांनी 'सिग्निफिकंट' हा शिक्काच काढून टाका अशी मागणी केली. दुसरा गट म्हणतो, रेघ काढू नका, ०.००५ वर न्या.

मला बंदी पटत नाही. त्या मासिकातले नंतरचे लेख ज्यांनी तपासले, त्यांना दिसलं की चाळणी गेल्यावर काही लेखकांनी आकड्यांना झेपेल त्याहून मोठे दावे केले. रेघ नसती तर विहिरीकडच्या पट्ट्याचे फोटो आणखी खपले असते. पण ०.०४ वाल्याला हार आणि ०.०८ वालीला घरी पाठवणं, हे फिशरच्या शेतातही बसत नव्हतं.

पुतणीने विषय बदलला नाही. किती मार्कांचा फरक दिसला, तो कुठून कुठपर्यंत असू शकतो, आणि साठ मुलं कमी पडली, असं सरळ लिहून दिलं. पुढच्या वर्षी दुसऱ्या दोन शाळांत तीच पाहणी करणार आहे.

आणि रब्बीत हरभऱ्याला त्या दाणेदार खताची पुन्हा चाचणी लावतोय. बारा पट्टे, शेजारच्या दोन-दोनांच्या सहा जोड्या. कुठल्या पट्ट्याला खत, ते काल रात्रीच ठरलं. स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या टाकून पुतणीनेच उचलल्या. विहिरीला लागून असलेला पट्टा या वेळी बिनखताचा निघाला. काढणी झाली की बाराही पट्ट्यांची वजनं इथे टाकतो.